परतभेट

आमच्या वसईत एक रीत आहे. पाहुणा येऊन राहून गेला की कधीतरी आपणही त्याच्याकडे जाऊन यायचं. नाही गेलं, तर पुढच्या लग्नात "तुम्ही काय बाबा, मोठी माणसं" हे ठेवणीतलं वाक्य ऐकावं लागतं. पोर्तुगीज आमच्याकडे १५३४ साली आले आणि १७३९ साली गेले. गेले म्हणजे चिमाजी अप्पांनी घालवले, पण मुक्काम २०५ वर्षांचा पडला. त्यानंतर आमच्या घरून त्यांच्याकडे कुणी गेलेलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात मी आणि बायको जाऊन आलो. मुक्काम सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. जेवण ज्याचं त्याने.

योग आणला लेकीने. ती म्युनिकला असते. आम्हाला चार दिवस लिस्बन दाखवायला घेऊन गेली आणि तिने सगळ्यांसाठी एक दिवसाची सहल ठरवली. सहलीचं नावच 'राजवाडे आणि किनाऱ्यावरची गावं' असं होतं. आदल्या रात्री नातवाचं नाक वाहायला लागलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं तरी जा. पैसे परत मिळत नाहीत." या शेवटच्या चार शब्दांवर मी तापातूनही उठलेला आहे. उभी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. बुडीत रक्कम मला झोपेतही दिसते.

परतभेटीला रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून हिने पिशवीत सुकेळ्यांचा डबा टाकला. वसईची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट आणि रंगाने जुन्या सागवानासारखी. ती म्युनिकच्या विमानतळावरून कशी बाहेर पडली हे आम्ही आपसातही बोलत नाही. डबा स्टीलचा, झाकणावर हिचं नाव आणि आमच्या लग्नाची तारीख कोरलेली. आमच्या घरात लग्नाची तारीख मी डब्यावर बघतो.

गाडी आठ जणांची. आम्ही दोघं, एक निवृत्त अमेरिकन जोडपं, दोन कोरियन मुली आणि डच बाप-लेक. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच, तिशीतला, गालाला माइक चिकटवलेला. त्याला सगळा मुलूख मिनिटांत पाठ होता. सिंत्रा इथून चाळीस मिनिटं, चढण पंधरा मिनिटं, राजवाडा साठ मिनिटं, स्वच्छतागृह सात मिनिटं. हे सात मिनिटं ऐकून बसमधल्या साठीपुढच्या चारही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. भाषा वेगळी असली तरी गुडघे आणि इतर अवयव जगभर सारखेच असतात.

वाटेत त्याने आम्हाला पोर्तुगीज शब्द शिकवायला घेतले. किल्लीला शावि म्हणतात म्हणाला. आम्ही म्हटलं, चावी. अननसाला अननाश. आम्ही म्हटलं, अननस. कोबीला कोव्ह. पावाला पांव, तेही नाकातून. बादली, घमेलं, लिलाव, नाताळ... तो एक टाकायचा आणि आम्ही मागच्या सीटवरून झेलायचो. अमेरिकन बाई कौतुकाने म्हणाल्या, तुम्ही क्लास लावला होता का? शेवटी तो म्हणाला, "पगार." मी म्हटलं, हो, तीस वर्षं घेतलाय. तो गोंधळला. त्याच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणं. आमच्याकडे पैसे मिळणं. २०५ वर्षांत शब्द कुठेतरी देणाऱ्याच्या तोंडून घेणाऱ्याच्या तोंडात आला आणि तिथेच राहिला. बँकेत याला आम्ही नावे-जमेची चूक म्हणायचो.

पेनाचा राजवाडा डोंगराच्या टोकावर आहे. त्याचा एक बुरूज भडक पिवळा, दुसरा लाल, मध्ये निळसर फरशांची भिंत, वर घुमट. दिवाळीच्या किल्ल्यावर घरातल्या प्रत्येक पोराने आपापला रंग फासावा तसा. हा बांधला फर्डिनांडने. मूळचा जर्मन, पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिचा नवरा. म्हणजे आपल्या भाषेत घरजावई. १८३८ साली त्याने इथला पडका मठ विकत घेतला आणि तो वाढवायला एका खाणीच्या इंजिनिअरला सांगितलं. घरजावयाला वेळ भरपूर आणि सासरचा पैसा, त्यात जमिनीखाली खणायची सवय असलेल्या माणसाला डोंगरावर चढवलेलं. मग जे व्हायचं ते झालं. मला तो राजवाडा मनापासून आवडला. सासुरवाडीला न विचारता रंग निवडणारा जावई मी दुसरा पाहिलेला नाही.

ही मात्र भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आपल्या समोरच्या सोसायटीने हाच पिवळा दिला होता. दोन पावसाळ्यांत काळा पडला." गाईडला मी हे भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, मध्ये कैक वर्षं राजवाड्याचा रंग उडून तो करडाच दिसत होता, विसाव्या शतकाच्या अखेरीला मूळचे रंग पुन्हा दिले. हिने मान हलवली. तेवढ्यावर पेनाचा विषय तिच्यापुरता निकालात निघाला होता, पण आत जायचं तिकीट काढलेलं होतं.

आत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते. दारात पाठपिशव्या पोटाशी घ्यायला सांगतात, त्यामुळे अख्खी रांग आठव्या महिन्यातली वाटते. एकाच्या मागे एक, दोरीच्या आत, थांबायचं नाही. राजाची खोली, राणीची खोली, नमाजाच्या जागेसारखी रंगवलेली एक खोली, जेवणाचं मांडलेलं टेबल. मला सगळ्यात जास्त दर्शन घडलं ते माझ्या पुढच्या डच मुलाच्या मानेचं. मानेवर तीळ होता. पंढरपूरला जशी पायावर डोकं टेकायच्या आत पुजाऱ्याची थाप बसते, तसं इथे खोलीत नजर टेकायच्या आत मागच्या माणसाचं पोट लागायचं.

१९१० साली राज्यक्रांती झाली तेव्हा शेवटची राणी अमेली याच राजवाड्यात होती. इथून ती माफ्रा गावी गेली, तिथून एरिसेरा नावाच्या कोळीगावात, आणि किनाऱ्यावरून होडीत बसून देशाबाहेर. राजवाडा आणि किनाऱ्यावरचं गाव. म्हणजे आमच्या सहलीचाच कार्यक्रम, फक्त तिला परतीची गाडी नव्हती.

रांग मोडली ती स्वयंपाकघरात. प्रशस्त जागा, चुली, आणि भिंतीला, फळीला, टेबलावर तांब्याची भांडी. पातेली, तसराळी, साचे, हात-हात लांब झारे. ही थांबली. मागच्या माणसाचं पोट लागलं, तरी थांबली. तिने एका पातेल्याकडे वाकून बघितलं आणि मला कोपराने ढोसलं. "अहो, नाव घातलंय." खरंच होतं. भांड्यावर राजवाड्याची खूण ठोकलेली. राजाराणींना कुणाकडे पातेली पाठवायची वेळ येत असेल असं मला वाटत नाही, पण हिच्या मते कारण एकच: "शेजारी गेलेलं भांडं ओळखू यायला हवं ना परत येताना." मग आतून कल्हई आहे की नाही हे बघायला ती दोरीवरून इतकी वाकली की तिथल्या रखवालदार बाई पुढे आल्या. हिने त्यांना हाताने कल्हईची खूण केली: भांडं गोल फिरवणं, कापसाने पुसणं. बाईंनी आधी हिच्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे, आणि हसून बोटाने गोल फिरवून दाखवलं. दोघींचं काय ठरलं ते कळलं नाही. एकही शब्द न बोलता झालेलं दिवसातलं ते सगळ्यात लांब संभाषण होतं.

त्यानंतर सिंत्रा गाव. जेवायला साठ मिनिटं. गाईडने गावातल्या दोन मिठायांची नावं सांगितली: त्रावसेरु, म्हणजे उशी, पापुद्र्यांची आणि आत बदामाचं सारण, आणि केजादा, चीज घालून केलेली दालचिनीच्या वासाची पुरी. ही मिठाईच्या दिशेने वळली. माझं मन मात्र गावातल्या दुसऱ्या राजवाड्याकडे ओढत होतं, ज्याला डोक्यावर दोन प्रचंड पांढरी शिंगं आहेत. शिंगं म्हणजे स्वयंपाकघराची धुराडी, प्रत्येकी ३३ मीटर. सहलीत हा राजवाडा फक्त बाहेरून होता. पण आत एक खोली होती, आणि त्या खोलीशी वसईकराचं काम होतं.

गोष्ट अशी आहे. पोर्तुगीजांच्या काळात मुंबई वसईच्या हाताखाली होती. विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला हे कधी तरी सांगून बघा. तो आधी हसेल, मग रडेल. ती मुंबई १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात दिली गेली. त्या वेळी गादीवर होता तिचा भाऊ, सहावा अफोन्सो. नाव त्याचं, कारभार आईचा. लहानपणी तापाने त्याची एक बाजू लुळी पडली होती. पुढे धाकट्या भावाने त्याचं राज्य घेतलं आणि बायकोही घेतली, रीतसर आधीचं लग्न रद्द करून. मग त्याला आधी बेटावर ठेवलं आणि १६७४ पासून इथे, सिंत्राच्या राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडलं. १६८३ साली मरेपर्यंत तो त्याच खोलीत होता.

हापूसला नाव ज्याच्यावरून पडलं असं म्हणतात तो अफोन्सो वेगळा, अल्बुकर्क. एका अफोन्सोच्या नावाने आंबा आला आणि दुसऱ्याच्या नावाने मुंबई गेली. सौदा बरा की वाईट हे मोसमावर अवलंबून आहे.

"फक्त ती खोली बघून येतो," मी म्हटलं.

"उशी खाऊन जाऊ," ही म्हणाली.

"उशी येताना."

तिकीट घेताना बँकेतला माणूस जागा झाला. चार्ल्सने मुंबई १६६८ साली कंपनीला दिली ती वर्षाला १० पौंड भाड्याने. ती हुंड्यात देणाऱ्याची खोली बघायला आम्हा दोघांना त्याहून जास्त पडले.

आत जाताना एका दालनाच्या छतावर १३६ साळुंक्यांसारखे पक्षी रंगवलेले आहेत, प्रत्येकाच्या चोचीत एक चिठ्ठी. पहिल्या जोआंव राजाने एका दासीचा मुका घेतला, राणीने पकडलं, दरबारातल्या बायकांनी कुजबूज सुरू केली, म्हणून राजाने दरबारातल्या बायकांएवढे हे बडबडे पक्षी छतावर काढून घेतले अशी दंतकथा आहे. चिठ्ठीवर लिहिलंय त्याचा अर्थ साधारण 'हेतू चांगला होता' असा. ही छताकडे बघत राहिली. "हेतू," ती म्हणाली. एवढंच. मी काहीही केलेलं नव्हतं तरी पुढे झालो.

अफोन्सोची खोली अगदी साधी आहे. फरसबंदी जमीन, खिडकी, बाकी काही नाही. फरशी मधोमध झिजलेली, आणि सांगतात की येरझाऱ्या घालून घालून त्यानेच ती झिजवली. दरबार, तोफा, सोनं वगैरे बघून इथे आलेले लोक दारातून डोकावतात आणि निघून जातात. मी उभा राहिलो. बारा पावलं इकडे, बारा पावलं तिकडे, नऊ वर्षं. मला उगाच त्याच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. कर्ज काढलं आईने, सही याची, आणि जप्तीही याच्यावर. अशी प्रकरणं मी कर्ज विभागात टेबलावर पाहिलेली आहेत. फक्त त्यांच्यात मुंबई नव्हती, फार तर नालासोपाऱ्याचा वन रूम किचन.

"चला," ही म्हणाली. "तो नऊ वर्षं राहिला. आपल्याला गाडी आहे."

अकरा मिनिटं उशीर झाला. उशी न खाता. गाडीत सहा जण आमच्याकडे वळून बघत होते. कोरियन मुली सुद्धा, आणि त्या स्वभावाने गरीब होत्या. गाईड काही बोलला नाही, फक्त माइकमध्ये त्याने श्वास सोडला, तो आठही जणांच्या कानांपर्यंत गेला. मी म्हटलं, मुंबईच्या कामात अडकलो होतो. मुंबईकराला हे कारण पुरलं असतं.

शिक्षा म्हणून की काय, पुढचं गाव दहा मिनिटांचं झालं. वाटेत उजव्या हाताला पेन्या वेर्दची वाडी लागते, जोआंव दी कास्त्रूची. गोव्याचा हा व्हाइसरॉय. दीवचा पडलेला किल्ला बांधायला पैसे हवे होते, तर त्याने गोव्याच्या नगरसभेला कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. पैसे मिळाले. मी तीस वर्षं तारण तपासलं. घरं, दुकानं, दागिने, एकदा एका मालकाने बोटीचं इंजिन आणलं होतं. दाढी कुणी आणली नाही. आणली असती तर मूल्यांकनाचा फॉर्म कोणता, याचाच मी विचार करत राहिलो. याच माणसाने हिंदुस्थानातून आणलेले कोरीव दगड आपल्या वाडीत ठेवले, त्यातला एक सोमनाथकडचा १२८७ सालचा संस्कृत शिलालेख. हे मी गाईडला सांगायला लागलो, तेव्हा त्याने नम्रपणे माइक बंद केला. वाडीपुढे थांबायला मिनिटंच नव्हती.

अझेन्याश दु मार हे त्या दहा मिनिटांचं गाव. कड्यावर चिकटलेली पांढरी घरं, खाली समुद्राचं पाणी साठवणारं तळं. गाव बघायचं म्हणजे समोरच्या वळणावर उतरून गावाचा फोटो काढायचा. सगळ्यांनी तोच काढला. दुरून एका गच्चीवर एक म्हातारी कपडे वाळत घालताना दिसत होती. रोज एवढ्या गाड्या त्याच वळणावर थांबतात म्हणजे तिचं धुणं किती देशांत गेलं असेल. हिने तिला हात केला. म्हातारीने केला नाही. दोन्ही हातात चादर होती.

काबो दा रोका म्हणजे युरोपच्या भूमीचं पश्चिमेचं शेवटचं टोक. दगडी खांब, खाली सुमारे १४० मीटरवर आदळणारा अटलांटिक, आणि वारा. वाऱ्याने अमेरिकन बाईंची टोपी घेतली, डच बापाचा नकाशा घेतला आणि माझ्या डोक्यावर मी जपून आडवे ठेवलेले होते तेवढे केस उभे केले. तिथे कचेरीत, तुम्ही इथे येऊन गेलात असं प्रमाणपत्र मिळतं, तुमचं नाव सुरेख अक्षरात लिहून. पैसे पडतात. माझ्या हातात पाकीट होतं, तेवढ्यात ही म्हणाली, "वसईहून रोज समुद्रात सूर्य बुडताना बघता. पश्चिमेला गेल्याचं सर्टिफिकेट कशाला?" पाकीट परत खिशात गेलं. खरं म्हणजे मला ते हवं होतं. दिवाणखान्यात निवृत्तीच्या सन्मानपत्राशेजारी जागा आहे.

गाडीत परत आल्यावर हिने डबा उघडला. भूक सगळ्यांनाच लागली होती आणि माझ्यामुळे दोघांना जेवणही नव्हतं. सुकेळी बघून अमेरिकन आधी घाबरले. दिसायला ती दिसतात तशी दिसतात, त्याला इलाज नाही. पण कोरियन मुलींनी एकेक उचललं, मग डच मुलाने तीन, आणि अकरा मिनिटांचं प्रकरण मिटलं. गाईडने एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि डबाच ठेवून घेऊ का विचारलं. हिने मान डोलावली. पाहुण्याने मागितलं तर नाही म्हणत नाहीत. इथे पाहुणा कोण, हा प्रश्न मी काढला नाही.

शेवटचं कश्काइश. एके काळी कोळ्यांचं गाव. १८७० साली लुईश राजा उन्हाळ्यात इथे राहायला यायला लागला, त्यामागून सरदार, त्यामागून बंगले, त्यामागून हॉटेलं. राज्य गेल्यावर इटलीचा शेवटचा राजाही इथेच येऊन राहिला. किनाऱ्यावर अजून होड्या आहेत, जाळी आहेत, पण माणसं आइस्क्रीम खाणारीच जास्त. चौकातली फरशी काळ्या-पांढऱ्या लाटांची. सपाटच आहे, पण चालताना पाय आपोआप वर-खाली पडतो. दिवसभर पाणी सोडून काही न प्यायलेला मी तिथे हिचा हात धरून चाललो. एका दुकानात खारवलेला सुका बाकल्याव थप्पी रचून ठेवला होता, दारात असताना वास आला. हिने नाक वर केलं आणि तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. "हे आपलं," ती म्हणाली. मी सांगितलं, तो मासा यांच्या समुद्रात मिळत नाही, थेट नॉर्वेकडून येतो. ती म्हणाली, "असू दे. वास आपला आहे."

परतीच्या वाटेवर सगळे झोपले. गाईडने आरशातून विचारलं, तुमच्या गावात आम्ही किती वर्षं होतो म्हणालात? मी सांगितलं. मग काय झालं? मी म्हटलं, मग तुम्ही गेलात. तुमच्या चर्चच्या घंटा आम्ही ठेवून घेतल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, अजून वाजते. तो खूप हसला.

साडेपाचला हॉटेलच्या दाराशी त्याने आम्हाला उतरवलं, वाकून नमस्कार केला आणि सुकेळ्यांचा डबा दोन्ही हातांनी हिच्या हातात दिला. आतून-बाहेरून कागदाने पुसून लख्ख केलेला, झाकणावरचं नाव चमकत होतं. गाडी वळेपर्यंत ही हसून हात हलवत राहिली. मग तिने झाकण उघडलं, आत बघितलं, आणि परत लावलं.

"रिकामा," ती म्हणाली. "दोनशे पाच वर्षं राहिले आपल्याकडे. डबा रिकामा परत करत नाहीत, एवढं कुणी सांगितलं नाही त्यांना?"